गल्ल्याची चावी आणि वेबसाइटचा पासवर्ड
ओळख व अधिकार यांचा एक धडा

पेढीवर दोन प्रश्न रोज विचारले जातात. समोरचा माणूस कोण आहे? आणि त्याला काय करण्याची मुभा आहे? हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत, हे ज्या व्यापाऱ्याच्या ध्यानात असते त्याचा गल्ला सुरक्षित राहतो. वखारीचा हमाल दहा वर्षांच्या ओळखीचा असतो, पण म्हणून तो तिजोरी उघडत नाही. मुनीमजी तिजोरी उघडतात, पण भाव ठरवीत नाहीत. मालक भाव ठरवितो, पण मागावर बसून ताका विणत नाही. ज्याचे काम त्याच्याकडे आणि कामापुरतीच चावी, हा आपला जुना दस्तूर आहे.

आता पेढीचा अर्धा कारभार संगणकावर आणि मोबाइलवर गेला आहे. बिल, साठा, उधारी, जीएसटीचे विवरणपत्र, ई-वे बिल, बँक, सर्व काही कोणत्या ना कोणत्या वेबसाइटवर चालते. प्रत्येकीच्या दारावर युजरनेम आणि पासवर्डची पाटी असते. मात्र दुकानात जो दस्तूर आपण पाळतो, तो या दारावर आपण विसरतो, असे पुष्कळ ठिकाणी आढळते. एकच पासवर्ड, तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला, आणि मालकापासून नव्या पोऱ्यापर्यंत सर्वांना पाठ! म्हणून या लेखात आम्ही हा विषय पायरीपायरीने मांडीत आहोत. ज्या बांधवांनी संगणकाला हात लावलेला नाही त्यांनाही तो समजावा, असा प्रयत्न आहे.

ओळख पटविण्याचे तीन मार्ग

वेबसाइटला डोळे नाहीत. ती आवाजावरून किंवा चालीवरून माणूस ओळखीत नाही. म्हणून ती पुरावा मागते. हा पुरावा तीन प्रकारचा असतो.

पहिला, जे तुम्हाला ठाऊक आहे : पासवर्ड किंवा पिन. दुसरा, जे तुमच्याजवळ आहे : मोबाइलचे सिम, ज्यावर ओटीपी येतो. तिसरा, जे तुमच्या अंगी आहे : बोटाचा ठसा किंवा चेहरा.

दोन प्रकारचे पुरावे एकत्र मागितले तर त्याला दुहेरी ओळख म्हणतात. येथे एक बारीक फर्क लक्षात घ्यावा. पासवर्ड विचारला आणि मग जन्मगाव विचारले, तर ती दुहेरी ओळख नव्हे. दोन्ही गोष्टी 'ठाऊक असण्याच्या' प्रकारातल्याच आहेत. ज्याने एक चोरली तो दुसरीही चोरू शकतो. पासवर्ड अधिक मोबाइल, ही खरी जोडी. पासवर्ड कळलेल्या चोराला आता मोबाइलही हाती घ्यावा लागतो.

अर्थात, मालकाने स्वत:च फोनवर ओटीपी वाचून दाखविला तर ही जोडीही फुकट जाते. ओटीपी म्हणजे कोरी सही होय. सही मागणारा बँकेचे नाव सांगो, कुरिअरचे सांगो की सरकारी कचेरीचे, सही फोनवर द्यायची नसते. तसेच, यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. 'पैसे पाठवतो, पिन टाका' असे म्हणणारा गिऱ्हाईक नव्हे, ठग समजावा.

पासवर्डचा जन्म आणि पहिली चोरी

संगणकावर पासवर्डचा वापर अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६१ च्या सुमारास सुरू झाला. फर्नांडो कॉर्बाटो यांच्या चमूने एकाच मोठ्या संगणकावर अनेकांनी काम करावे अशी व्यवस्था उभारली. प्रत्येकाचे कागद वेगळे राहावेत म्हणून प्रत्येकाला पासवर्ड दिला.

चोरीला फार दिवस लागले नाहीत. संशोधन करणाऱ्या ॲलन शेर यांना संगणकावर आठवड्याला ठराविक तासच मिळत. १९६२ मध्ये त्यांनी पासवर्डची संपूर्ण यादीच छापून घेतली आणि इतरांच्या नावावर काम सुरू केले. पासवर्ड कोणाचाही ओळखावा लागला नाही, कोणाला फसवावे लागले नाही. सर्व चाव्या एकाच खिळ्यावर टांगलेल्या होत्या आणि तो खिळा उघड्यावर होता.

यातून धडा असा की, पासवर्ड किती अवघड आहे याइतकेच तो वेबसाइटने कसा जपून ठेवला आहे, हेही महत्त्वाचे आहे.

पीठ आणि मीठ

चांगली वेबसाइट तुमचा पासवर्ड जसाच्या तसा लिहून ठेवीतच नाही. ती तो दळते. गहू दळून पीठ होते, पण पिठाचा पुन्हा गहू होत नाही. त्याचप्रमाणे पासवर्डवर गणिती क्रिया करून त्याचे न ओळखता येणारे रूप तयार केले जाते. त्याला हॅश म्हणतात. साठविले जाते ते फक्त पीठ. तुम्ही उद्या पासवर्ड टाकला की वेबसाइट तो पुन्हा दळते आणि दोन्ही पिठे ताडून पाहते. जुळली की दार उघडते. चोराने कोठार फोडले तरी त्याला पीठ मिळते, दाणा मिळत नाही.

परंतु यातही एक फट आहे. दोन माणसांचा पासवर्ड सारखा असेल तर पीठही सारखेच निघेल. चोर आपल्या घरी लाखो सोपे पासवर्ड आधीच दळून ठेवतो आणि मग फक्त जुळवीत बसतो. त्यावर इलाज असा की, दळण्यापूर्वी प्रत्येकाच्या पासवर्डमध्ये वेगवेगळे, मनाला येईल ते अक्षर-अंक मिसळावेत. इंग्रजीत याला खरोखरच 'सॉल्ट' म्हणजे मीठ म्हणतात. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली युनिक्स संगणकावरील पासवर्डविषयी लेख लिहिला, त्यात ही रीत समजावून दिली आहे. त्यांनी ३,२८९ पासवर्ड तपासले होते. त्यांपैकी सुमारे ८६ टक्के अगदी आखूड किंवा शब्दकोशात सहज सापडणारे निघाले. माणसाची सवय तेव्हापासून फारशी बदललेली नाही.

पुढे १९९९ मध्ये बीक्रिप्ट नावाची रीत आली. ती मुद्दाम संथ दळते. खऱ्या मालकाला एकदाच दळायचे असते, त्याला क्षणाचा उशीर जाणवत नाही. चोराला कोट्यवधी वेळा दळायचे असते, त्याची मात्र वर्षे जातात.

ज्यांनी ही खबरदारी घेतली नाही त्यांचे काय झाले, तेही पाहा. २००९ च्या डिसेंबरात रॉकयू या अमेरिकन कंपनीचे सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड बाहेर पडले. ते दळलेलेच नव्हते. त्यांत सर्वांत जास्त लोकांचा पासवर्ड होता १२३४५६! २०१२ मध्ये लिंक्डइनचे पासवर्ड फुटले. तेथे पीठ होते, पण मीठ नव्हते. म्हणून सोपे पासवर्ड पटापट ओळखले गेले.

आपण व्यापारी ही परीक्षा कशी करावी? सोपी खूण सांगतो. बिलाचे सॉफ्टवेअर किंवा वेबसाइट घेताना 'पासवर्ड विसरलो' हे बटण दाबून पाहा. नवा पासवर्ड ठरविण्याची लिंक आली तर ठीक. पण तुमचा जुनाच पासवर्ड जसाच्या तसा संदेशातून आला, तर समजावे की तो कोठेतरी परत वाचता येईल अशा रूपात ठेवला आहे. अशा ठिकाणी आपला हिसाब ठेवू नये.

बिल्ल्याची गोष्ट

एकदा पासवर्ड टाकल्यावर वेबसाइट प्रत्येक पानावर तो पुन्हा का विचारीत नाही? वास्तविक वेबला स्मरणशक्ती नाही. प्रत्येक पान तिच्या लेखी नवे गिऱ्हाईक असते. यावर १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीच्या लू मॉन्टुली यांनी कुकीची युक्ती काढली. चप्पल ठेवण्याच्या ठिकाणी जसा नंबरचा बिल्ला मिळतो, तसा वेबसाइट ओळख पटल्यावर तुमच्या ब्राउझरला एक बिल्ला देते. पुढच्या प्रत्येक पानावर ब्राउझर तो बिल्ला दाखवितो.

बिल्ल्याचा गुण तोच त्याचा दोष. ज्याच्या हाती बिल्ला, त्याची चप्पल. म्हणून दुकानातल्या सामाईक संगणकावर काम संपताच लॉगआउट करावे. नुसती खिडकी बंद करून उठू नये. वेबसाइट बनविणाऱ्याचीही जबाबदारी अशी की, लॉगआउट होताच तो बिल्ला आपल्या वहीतूनही रद्द करावा, बराच वेळ काम नसेल तर तो आपोआप बाद व्हावा, आणि बिल्ल्याची ने-आण केवळ एचटीटीपीएस या बंद लिफाफ्यातून व्हावी.

कोणाला किती मुभा?

येथवर पहिला प्रश्न झाला : तू कोण? आता दुसरा : तुला काय करता येईल? व्यापाऱ्याचे खरे नुकसान पुष्कळदा या दुसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्याने होते.

१९७५ मध्ये साल्टझर आणि श्रोडर या दोन अभ्यासकांनी एक नियम नोंदविला : प्रत्येकाला त्याच्या कामाला लागेल तेवढाच अधिकार द्यावा, त्याहून जास्त नको. १९९२ मध्ये फेराइओलो आणि कून यांनी त्याला सोयीचे रूप दिले : अधिकार माणसाला न देता कामाच्या जागेला द्यावेत. माणूस त्या जागेवर बसला की अधिकार मिळतात, उठला की जातात. म्हणजे आपलीच गादीची रीत!

एका कापडपेढीचे उदाहरण घेऊ.

१. काउंटरवरचा विक्रेता : नवे बिल बनवू शकेल, साठा पाहू शकेल. खरेदीचा भाव पाहू शकणार नाही. झालेले बिल रद्द करू शकणार नाही.

२. वखारीवाला : आलेले आणि गेलेले ताके नोंदवील. गिऱ्हाइकांची उधारी त्याला दिसणार नाही.

३. मुनीमजी : खातेवही, रोजमेळ आणि वसुली पाहतील. नवा युजर उघडू शकणार नाहीत.

४. मजुरीवर विणणारा यंत्रमागधारक : स्वत:चे सूत, स्वत:चे ताके आणि स्वत:ची मजुरी एवढेच पाहील. शेजारच्या मागवाल्याची मजुरी किंवा डिझाइन त्याला दिसणार नाही.

५. मालक : सर्व पाहील, आणि कोणाला काय मुभा आहे ती ठरवील.

यात एक जुने शहाणपण आणखी घालावे. ज्याने बिल बनविले त्यानेच ते रद्द करू नये. ज्याने रोकड घेतली त्यानेच मेळ तपासू नये. बेइमानी होईलच असे नाही. पण एकाच हातात दोन्ही गोष्टी असल्या की साधी चूकही झाकून राहते.

बटण लपविणे म्हणजे कुलूप लावणे नव्हे

काही सॉफ्टवेअर बनविणारे असे करतात की, विक्रेत्याच्या पडद्यावर 'नफ्याचा अहवाल' हे बटण दाखवीतच नाहीत. मालक खूश होतो. पण बटण दिसत नाही म्हणून दार बंद झाले असे नाही. त्या अहवालाची लिंक कोणी जशीच्या तशी टाइप केली तर? सर्व्हरने तेथेही बिल्ला पाहून 'तुला ही मुभा नाही' असे म्हटले पाहिजे. तपासणी प्रत्येक दाराशी व्हावी, केवळ फाटकाशी नव्हे.

दुसरी फट त्याहून साधी आहे. समजा गिऱ्हाइकाला बिल पाहण्यासाठी लिंक पाठविली आणि तिच्या शेवटी १०४१ हा नंबर आहे. त्याने गंमत म्हणून १०४२ केले आणि दुसऱ्याच व्यापाऱ्याचे बिल, भाव आणि सवलतीसह, समोर उघडले! येथे पासवर्ड चोरीला गेला नाही. 'हे बिल याचे आहे काय?' हा प्रश्नच कोणी विचारला नाही, एवढेच.

ही काल्पनिक भीती नव्हे. २०१९ च्या मे महिन्यात अमेरिकेतील फर्स्ट अमेरिकन या मालमत्ता व्यवहारांच्या मोठ्या कंपनीत हेच उघडकीस आले. लिंकमधील एक अंक बदलला की दुसऱ्याची कागदपत्रे दिसत. सुमारे ८८ कोटी ५० लाख कागदपत्रे, त्यांत बँक खात्यांचे नंबर आणि कराचे कागद, अशी उघड्यावर होती. वेबच्या सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या २०१७ च्या यादीत अधिकाराच्या तपासणीतील ढिलाई पाचव्या क्रमांकावर होती. २०२१ च्या यादीत ती पहिल्या क्रमांकावर आली.

आपल्या स्वत:च्या सॉफ्टवेअरची परीक्षा घेता येते. मालकाच्या खात्यातून नफ्याच्या अहवालाची लिंक उतरवून घ्या. मग विक्रेत्याच्या खात्यातून तीच लिंक उघडून पाहा. उघडली तर सॉफ्टवेअरवाल्याला बोलावून ती दुरुस्त करून घ्यावी. परीक्षा फक्त आपल्याच घराची घ्यावी; दुसऱ्याच्या दाराशी असे प्रयोग करणे गुन्हा ठरतो.

जीएसटीची चावी कोणाकडे?

१ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला. नोंदणी करताना अनेक लहान व्यापाऱ्यांनी सर्व काम करसल्लागारावर सोपविले. सल्लागार घेणे गैर नाही. पण पुष्कळांच्या नोंदणीवर मोबाइल नंबर आणि ईमेलही सल्लागाराचाच आहे, ही गोष्ट गैर आहे. ओटीपी तिकडे जातो, नोटिसाही तिकडेच जातात. धंदा आपला, दंड आपला, आणि चावी दुसऱ्याकडे! उद्या त्या नंबरावर खोटी बिले निघाली तर जाब ज्याच्या नावाने नोंदणी आहे त्यालाच विचारला जाईल.

इलाज कठीण नाही. लॉगिन आपल्या हाती असेल तर पोर्टलवरच मोबाइल व ईमेल बदलता येतो. लॉगिनच हाती नसेल तर आपल्या विभागाच्या कर अधिकाऱ्याकडे ओळखीचे कागद घेऊन जावे. त्यांच्यामार्फत ईमेल व मोबाइल बदलून मिळतो.

ई-वे बिलाच्या पोर्टलवर तर पोटयुजर उघडण्याची सोयच आहे. वखारीवाल्याला फक्त बिल तयार करण्याची मुभा द्यावी. मुख्य पासवर्ड देण्याची गरज नाही. ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइससाठी दुहेरी ओळख आधी मोठ्या उलाढालीच्या व्यापाऱ्यांना लागू झाली, आणि १ एप्रिल २०२५ पासून सर्वांना. पोटयुजरचा ओटीपी त्याच्या स्वत:च्या नोंदविलेल्या मोबाइलवर येतो. म्हणून 'मालक गावाला गेले, ओटीपी कोण सांगणार' ही अडचण ज्याने पोटयुजर उघडले त्याला येत नाही.

एकच पासवर्ड आणि निर्दोष माणसाची इज्जत

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. प्रत्येक चांगले सॉफ्टवेअर नोंद ठेवते की कोणत्या युजरने, किती वाजता, काय केले. पाचही माणसे एकाच नावाने काम करीत असतील तर वहीत एकच नाव उमटते. समजा एका संध्याकाळी १८,००० रुपयांचे बिल रद्द झालेले आढळले. कोणी केले? वही सांगत नाही. मग संशय कोणावर जातो? जो सर्वांत नवा, सर्वांत गरीब, ज्याच्या बाजूने बोलणारा कोणी नाही, त्याच्यावर. त्याची नोकरी जाते. बाजारात त्याचे नाव खराब होते. कदाचित ते बिल मालकाच्याच मुलाने चुकून रद्द केलेले असते!

म्हणून स्वतंत्र युजरनेम हे नोकरावर अविश्वास दाखविण्याचे साधन आहे, असे कोणीही समजू नये. ते नोकराच्या इज्जतीचे रक्षण आहे. ज्याच्या नावासमोर त्याचे स्वत:चे काम लिहिलेले आहे, त्याच्यावर दुसऱ्याचा आरोप येऊ शकत नाही. कारागीर बांधवांनीही ही गोष्ट मागून घ्यावी. 'माझे ताके माझ्या नावाने नोंदवा, आणि मला ती नोंद पाहता येऊ द्या', हे म्हणण्यात संकोच कसला? मजुरीच्या हिसाबाचा वाद त्याने निम्मा कमी होतो.

हाच नियम नोकरी सोडणाऱ्याला. ज्या दिवशी हिसाब चुकता केला त्याच दिवशी त्याचा युजर बंद करावा. त्यात त्याचेही भले आहे. तो गेल्यावर काही गडबड झाली तर त्याच्याकडे बोट जात नाही.

पासवर्ड कसा असावा?

थोडक्यात सांगतो. लांबी हीच ताकद. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडले तर तो लक्षातही राहतो आणि ओळखायलाही कठीण. दुकानाचे नाव, मुलाचे नाव, मोबाइल नंबर नको. बँकेचा पासवर्ड दुसरीकडे कोठेही वापरू नये, कारण एका ठिकाणी फुटला की चोर तोच सगळीकडे लावून पाहतो. पूर्वी दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलण्याची सक्ती असे. त्यामुळे लोक शेवटचा अंक बदलून मोकळे होत. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ मध्ये ही ठराविक मुदतीची सक्ती नको, असे सांगितले. पासवर्ड फुटल्याची शंका आली, किंवा तो जाणणारा माणूस गेला, की मात्र त्याच क्षणी बदलावा.

आजच करण्यासारखे

एक कोरी वही घ्यावी आणि चार रकाने आखावेत : कोणती वेबसाइट, कोणता मोबाइल नंबर जोडलेला, कोणाकोणाला प्रवेश, आणि त्याला त्याची गरज आहे काय. पासवर्ड मात्र या वहीत लिहू नयेत. बँक, जीएसटी, ई-वे बिल, बिलाचे सॉफ्टवेअर आणि मुख्य ईमेल या पाचांपासून सुरुवात करावी. ईमेलला विसरू नये; बाकी बहुतेक पासवर्ड नव्याने काढण्याची लिंक तेथेच येते, म्हणजे ती चाव्यांची चावी आहे. चौथ्या रकान्यात जेथे 'नाही' लिहावे लागेल, तो प्रवेश त्याच दिवशी काढून टाकावा. पैशांची फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या सरकारी हेल्पलाइनवर कळवावे. जितके लवकर कळवाल तितकी रक्कम अडविली जाण्याची शक्यता अधिक.

हे काम एका दुपारचे आहे. दरवर्षी दिवाळीला किंवा मार्चअखेरीस आपण माल मोजतो, उधारी मोजतो. त्याच दिवशी चाव्याही मोजाव्यात.